डिस्कचा हिशेब आहे, डबीचा नाही

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: कुठल्या कंपनीची घेऊ? दुकानदार ठामपणे एक नाव सांगतो. ते नाव बहुधा गेल्या महिना-दोन महिन्यांत त्याच्याकडे परत आलेल्या मालावरून ठरलेलं असतं. शेजारचा दुकानदार नेमकं उलटं सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतात. आपापल्या काउंटरवर जे आलं त्यावरून बोलतात.

फिरत्या तबकड्यांच्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हा धंदा २०११ च्या अखेरीस सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने. एडेटा, ट्रान्सेंड वगैरे नावांच्या डब्यांत डिस्क असते ती याच तिघांपैकी एकाची. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन डब्यांत निरनिराळ्या घडणीच्या डिस्क निघू शकतात, कारण आत नेमकं कोणतं मॉडेल आहे याची हमी खोक्यावर कुणी लिहीत नाही. त्यामुळे ‘अमुक कंपनी चांगली’ हे विधान एक्स्टर्नल डिस्कच्या बाबतीत फार पोकळ ठरतं.

कंपन्यांची नावं खराब होतात आणि पुन्हा चांगलीही होतात. आयोमेगाच्या १९९४ मध्ये आलेल्या झिप ड्राइव्हने बाजार जिंकला आणि चारच वर्षांत ‘क्लिक ऑफ डेथ’ या नावाने बदनाम होऊन कंपनीवर ग्राहकांचा दावा ओढवून घेतला. आयबीएमच्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी या डिस्क २००० साली आल्या आणि इतक्या गेल्या, की लोक त्यांना ‘डेथस्टार’ म्हणू लागले. तिथेही कोर्टकचेरी झाली. पुढे आयबीएमने हा व्यवसायच हिताचीला विकला. गंमत अशी की त्याच डेस्कस्टार नावाच्या, हिताचीने बनवलेल्या डिस्क दहा-बारा वर्षांनी टिकाऊपणाच्या तक्त्यांत वरच्या रांगेत बसल्या. ज्याने २००१ मध्ये कानाला खडा लावला, त्याचा तो निर्णय २०१२ मध्ये निव्वळ चुकीचा होता.

मग आकडे काय सांगतात? डिस्कच्या माहितीपत्रकावर सरासरी दहा लाख तासांना एक बिघाड असं लिहिलेलं असतं. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. एवढं वय कुठल्याच डिस्कला लाभत नाही. त्या आकड्याचा अर्थ असा, की पुष्कळ डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरातली जेमतेम एक, नेमकं सांगायचं तर ०.८८ टक्के, जावी. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये मोठमोठ्या संगणक केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागत असल्याचं दिसलं. काही ठिकाणी हे प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत गेलेलं होतं. महागड्या आणि स्वस्त जातीच्या डिस्कमध्ये त्यांना फारसा फरक सापडला नाही, हे निष्कर्षातलं सर्वांत झोंबणारं वाक्य.

त्याच वर्षी गूगलच्या तिघा अभियंत्यांनी आपल्याकडच्या लाखभर डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्क गरम झाली की मरते, ही सर्वमान्य समजूत त्यात बरीचशी गळून पडली. सर्वसाधारण मर्यादेत तापमानाचा संबंध क्षीण होता. पृष्ठभागाच्या तपासणीत एकदा चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, हेही दिसलं. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अशा होत्या, की स्मार्ट नावाच्या स्व-तपासणीने, तापमानाचा आकडा सोडला तर, आधी काहीच इशारा दिला नव्हता. आपल्या डिस्कचं ‘हेल्थ गुड’ पाहून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२०१३ पासून कॅलिफोर्नियातली बॅकब्लेझ ही क्लाउड साठवणुकीची कंपनी आपल्या डिस्कच्या मृत्यूची जाहीर नोंद ठेवते आहे. आज तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क आहेत आणि वर्षाला साधारण एक ते दोन टक्के जातात. तिच्या २०१३ च्या पहिल्या हिशेबात पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के, पुढच्या दीड वर्षात १.४ टक्के आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के असा चढउतार होता. चार वर्षांनी सुमारे ८० टक्के डिस्क चालू होत्या. घरगुती वापराच्या डिस्कबद्दल एवढी मोठी, उघड मोजणी मिळते ती हीच. आकड्यांच्या आधारे डिस्क सुचवणारा माणूस बहुधा हेच तक्ते पुढे करतो.

इथेच खरी अडचण सुरू होते. बॅकब्लेझच्या डिस्क रॅकमध्ये बसवलेल्या असतात, चोवीस तास चालू असतात, त्यांना थंड हवा आणि स्थिर वीज मिळते, कुणी त्यांना पिशवीत टाकून लोकलने नेत नाही. आपली डिस्क महिन्यातून दोनदा जोडली जाते, लॅपटॉपच्या कडेला लोंबते आणि मांजराने वायर ओढली की जमिनीवर येते. कंपन्या परत आलेल्या एक्स्टर्नल डिस्कचे आकडे जाहीर करत नाहीत.

बॅकब्लेझच्या इतिहासातच एक प्रकरण असं आहे, की जिथे हे दोन वेगळे संसार एकमेकांत मिसळले. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडला महापूर आला. अयुथ्या प्रांतातला वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इन इथला कारखाना पाण्यात गेला. डिस्कच्या मोटरी आणि सुटे भाग बनवणाऱ्यांचे कारखानेही त्याच पट्ट्यात होते. जगातल्या डिस्कचा फार मोठा हिस्सा थायलंडमधून येत असल्याने सुट्या डिस्कच्या किमती काही आठवड्यांत दुपटीच्या वर गेल्या. पण किरकोळ दुकानांतल्या एक्स्टर्नल डिस्कच्या किमती तितक्या चढल्या नाहीत. मग बॅकब्लेझच्या लोकांनी कॉस्टको आणि बेस्ट बाय अशा दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क उचलायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकाला दोनच, असे फलक लागले तेव्हा मित्र आणि नातेवाईक कामाला लावले. डब्या फोडायच्या, आतली डिस्क काढायची, रॅकमध्ये बसवायची.

याच काळात त्यांच्या रॅकमध्ये सीगेटची तीन टीबीची एक डिस्क मोठ्या संख्येने आली, मॉडेल एसटी३०००डीएम००१. जानेवारी २०१२ पासून बसवलेल्या अशा ४,८२९ डिस्कपैकी मार्च २०१५ अखेर जेमतेम दहा टक्के कामावर उरल्या होत्या. २०१६ मध्ये अमेरिकेत या मॉडेलवरून सीगेटवर दावा दाखल झाला. सीगेटची बाजू घेणारे म्हणाले, की घरगुती डिस्क अशा दाटीवाटीच्या, थरथरत्या रॅकमध्ये घालणं हाच गैरवापर. या म्हणण्यात तथ्य आहे. पण बॅकब्लेझच्या तशाच रॅकमध्ये हिताचीच्या घरगुती डिस्क व्यवस्थित चालत होत्या, हेही तितकंच खरं. माझ्या मते या प्रकरणातून कंपनीपेक्षा एकेका मॉडेलबद्दल जास्त शिकायला मिळतं: एखादी घडण फसते, तिच्या आगेमागच्या घडणी ठणठणीत असतात. आणि डबीवर मॉडेल लिहिलेलं नसल्यामुळे फसलेली घडण आपल्या वाट्याला आली का, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो.

आता डबी उघडून बघू. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमध्ये तबकड्या बहुधा काचेच्या असतात, वर चुंबकीय थर. त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगतं. काम थांबलं की हेड तबकडीच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या उतारावर जाऊन बसतं. चालू डिस्कची केबल ओढली तरी हेड सहसा वाचतं, कारण फिरत्या तबकडीच्या गतीतूनच मोटर क्षणभर वीज तयार करते आणि त्या विजेवर हेड जागेवर परततं. म्हणजे अचानक केबल काढल्याने डिस्क यांत्रिकदृष्ट्या मरते ही भीती बरीचशी अवाजवी आहे. मरतो तो लिहायचा राहिलेला डेटा. चालू डिस्क टेबलावरून पडली तर मात्र हेड तबकडीवर आपटतं, कधी तिथेच चिकटतं.

डेटा रिकव्हरीवाल्याच्या टेबलावर अशी डिस्क येते तेव्हा जाणकार माणूस लगेच केबल लावत नाही. आधी विचारतो: पडली होती का, आवाज कसा येत होता? टिक-टिक-टिक करून थांबत असेल तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत. बारीक पीं-पीं येत असेल तर मोटर फिरायला बघते आहे आणि चिकटलेलं हेड तिला फिरू देत नाही. काहीच आवाज नसेल तर सर्किट बोर्ड संशयित, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही बातमी त्यातल्या त्यात बरी. साडेतीन इंची मोठ्या डब्यांना बारा व्होल्टचा वेगळा अॅडाप्टर लागतो. घरात सापडलेला लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अॅडाप्टर पिनेत बसला म्हणून लावला जातो. अशा वेळी बोर्डावरचा एक चिमुकला टीव्हीएस डायोड जादा दाब स्वतःवर घेऊन शॉर्ट होतो. नशीब चांगलं असेल तर कारागीर तो डायोड उपटतो, बारा व्होल्ट देतो आणि डिस्क सुरू. पण बोर्डच गेला असेल तर दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावणं पुरत नाही. त्या एका डिस्कची कारखान्यात जुळवलेली मापं बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. ती चिप काढून नव्या बोर्डावर डकवावी लागते.

पुष्कळ ‘मेलेल्या’ डिस्क मेलेल्या नसतातच. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. अडीच इंची डिस्कला सुरू होताना क्षणभर जवळजवळ एक अँपिअर लागतो. जुन्या सीपीयूच्या पुढच्या पोर्टला, लांब केबलने, त्यात मधे स्वस्तातला हब, अशी जोडणी केली की मोटर उठते, बसते, पुन्हा उठते. आवाज अगदी मरणघंटेसारखा येतो. मागच्या पोर्टला आखूड केबलने जोडलं की तीच डिस्क निमूट चालते. यूएसबी ३ ची ती रुंद, चपटी मायक्रो-बी पिनही कुचकामी. वर्षभरात सैल होते आणि फाइल कॉपी होत असताना डिस्क अधूनमधून गायब व्हायला लागते. या सगळ्याला दुकानात एकच नाव, ‘डिटेक्ट होत नाही’, आणि उपायही एकच: केसिंग बदलून बघा.

केसिंग बदलण्याचा उपाय पूर्वी खरोखर चालायचा. डबीत साधी सॅटा डिस्क असे आणि तिला यूएसबीशी जोडणारी छोटी ब्रिज पट्टी. पट्टी गेली तर डिस्क काढून सरळ संगणकात लावता येई. मग कंपन्यांनी पैसे वाचवायला यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या बोर्डावर डकवलं. आज अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये सॅटाची पिनच नसते. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि माय बुक मालिकांतल्या अनेक मॉडेलांत ब्रिज चिप सगळा डेटा कुलूपबंद करूनच तबकडीवर लिहीत असे, वापरणाऱ्याने पासवर्ड लावलेला असो वा नसो. तीन संशोधकांनी २०१५ मध्ये या कुलपांतल्या त्रुटी उघड केल्या, तेव्हा चर्चा झाली ती कुलूप कच्चं असल्याची. सामान्य माणसाच्या दृष्टीने दुखणं वेगळंच होतं: चिप जळाली तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं सगळं अर्थहीन. न मागितलेलं कुलूप, आणि त्याची चावी एका जळाऊ चिपमध्ये. काही डब्या सेक्टरचा आकार बदलून सांगतात, त्यामुळे डिस्क बाहेर काढून जोडली की विंडोज तिला कोरी समजतं आणि नम्रपणे विचारतं, फॉरमॅट करू का? घाबरलेला माणूस हो म्हणतो.

त्यानंतर आलं एसएमआर. साठवण वाढवायची तर ओळी जवळजवळ आखायला हव्यात. एसएमआर पद्धतीत प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीच्या कडेवर थोडी चढवून लिहितात, कौलारू छपरावर कौलं बसवावीत तशी. वाचताना काही बिघडत नाही. मधलं एक कौल बदलायचं तर मात्र पुढची सगळी रांग उचलून परत लावावी लागते. म्हणून अशी डिस्क कोरी असते तोवर झपाट्याने भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागलं की मिनिटामिनिटाला धापा टाकते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत न सांगता वापरल्याचं उघड झालं, सीगेट आणि तोशिबालाही आपापल्या काही मॉडेलांबद्दल तशीच कबुली द्यावी लागली, आणि अमेरिकेत पुढच्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलने पैसे देऊन दावा मिटवला. पण तो गदारोळ सर्व्हरवाल्यांचा होता. खिशातल्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क जवळपास सगळ्या एसएमआरच आहेत. त्याबद्दल कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

एसएमआर म्हणजे बिघाड नव्हे, हे सांगितलं पाहिजे. पण त्याने बिघाडाची वाट रुंद होते. डिस्क अडकली असं वाटून माणूस केबल ओढतो, नेमका त्याच वेळी आत रांगा हलवण्याचं काम चालू असतं. कोणती फाइल प्रत्यक्षात कुठे आहे याचा तक्ता डिस्क स्वतःच्या पोटात ठेवते. तो बिघडला तर तबकड्या शाबूत असूनही डिस्क रिकामी दिसते. शिवाय अशा काही डिस्क डिलीट केलेली जागा खरोखर मोकळी झाल्याचं मानतात. ‘चुकून फॉरमॅट मारला तरी सॉफ्टवेअरने परत येतं’ हा जुना दिलासा त्यांना लागू पडत नाही.

फाइल सिस्टिमबद्दल थोडक्यात. विंडोज, मॅक आणि टीव्ही, तिन्हींवर चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट करून घेतात. सोयीची आहे, पण अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायला लागणारी नोंदवही तिच्यात नाही. विंडोज १० ने ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हा नेम केला, त्यामुळे ‘सेफली रिमूव्ह’ न केल्याचं पाप थोडं सौम्य झालं. फाइल कॉपी चालू असताना केबल ओढायची मुभा मात्र त्यात नाही.

कधी कधी डिस्कला काहीच झालेलं नसतं आणि आतलं फर्मवेअरच घात करतं. २००८-०९ मध्ये सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या डिस्क एका सकाळी सुरूच होईनात. त्यांच्या अंतर्गत नोंदींची मोजणी एका विशिष्ट आकड्यावर असताना वीज आली की डिस्क गोठून बसे. डेटा जसाच्या तसा आत, दार बंद. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्क इंटरनेटवरून आलेल्या हल्ल्यात आपोआप फॅक्टरी रिसेट होऊन कोऱ्या झाल्या. कंपनीने त्यांचे अपडेट २०१५ मध्येच थांबवले होते, डिस्क मात्र लोकांच्या घरी व्यवस्थित फिरत होत्या.

मग फिरता भागच नसलेली एसएसडी घ्यावी का? पडझडीपुरतं उत्तर हो आहे. पण एसएसडी मरते ती आवाज न करता आणि बहुधा एकदम. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम आणि एक्स्ट्रीम प्रो या पोर्टेबल एसएसडींनी व्हिडिओग्राफरांचं शूटिंगच्या शूटिंग गिळलं. तेव्हा सॅनडिस्कची मालक असलेल्या वेस्टर्न डिजिटलने काही मॉडेलांसाठी फर्मवेअर दुरुस्ती काढली, ऑगस्टमध्ये दावे दाखल झाले, आणि ऑस्ट्रियातल्या अटिंगो या रिकव्हरी कंपनीने दोष फर्मवेअरचा नसून भागांच्या जोडणीचाच असल्याचं मत मांडलं. आणखी एक बाब पेटीवर कधी लिहीत नाहीत: एसएसडीला अधूनमधून वीज लागते. या उद्योगाच्या जेडेक या मानक संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा आहे ती, आयुष्यभराचं लिखाण करून झाल्यावर, ३० अंश सेल्सिअसला वीज न देता एक वर्ष डेटा टिकण्याची. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते. तरीही लग्नाचे फोटो त्यात भरून ती माळ्यावर टाकणं शहाणपणाचं नाही, निदान आपल्याकडच्या मे महिन्यात तरी.

फिरती डिस्क कपाटात ठेवली तर टिकते, असा एक समज आहे. अमेरिकेतली आयर्न माउंटन ही कंपनी ध्वनिमुद्रणाच्या उद्योगाचा जुना ठेवा सांभाळते. १९९० च्या दशकात स्टुडिओंनी गाण्यांची मूळ मुद्रणं टेपवरून डिस्कवर नेली आणि त्या डिस्क नीट खोक्यात घालून तिच्या स्वाधीन केल्या. २०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, की काम करायला आलेल्या अशा डिस्कपैकी साधारण पाचातली एक वाचता येत नाही. यात मांजर नाही, सैल केबल नाही, लोकलचा प्रवास नाही. हवेशीर गोदामात नुसतं पडून राहणं आहे.

आपल्याकडे या सगळ्याची सर्वांत मोठी झळ फोटो स्टुडिओंना बसते. तालुक्याच्या गावातला लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणारा माणूस एका हंगामात कित्येक टीबी भरतो. अल्बम हातात पडून हिशेब पुरा होईपर्यंत मूळ डेटा ठेवायचा असतो, आणि तो असतो एका डिस्कवर, तिच्या पाठीवर स्केचपेनने वर्ष आणि आडनावं. दुसरी प्रत असलीच तर त्याच ड्रॉवरमध्ये. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी एका ड्रॉवरमधल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, गाळणी लावलेलं; पुराचं गढूळ पाणी तिथून आत शिरू शकतं. भिजलेली डिस्क तांदळात ठेवून, उन्हात वाळवून जोडली की आत सुकलेली माती तबकडीवर हेडखाली घासली जाते. ती तशीच ओली, पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडे नेली तर काही आशा असते.

रिकव्हरीच्या बाजारातही दोन तऱ्हा आहेत. एकाकडे धूळविरहित बंदिस्त टेबल असतं, पीसी-३००० सारखं महागडं उपकरण असतं, नेमक्या त्याच मॉडेलची दाता डिस्क शोधून तो हेड बदलतो. दुसरा पंख्याखाली झाकण उघडून ‘बघतो’. दुसऱ्याकडून पहिल्याकडे गेलेली डिस्क बहुतेक वेळा आशा सोडून देण्यालायकच उरते. आणि घरातला हुशार भाचा काय करतो? नेटवरून उतरवलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर आजारी डिस्कवर रात्रभर चालवतो. लंगडणाऱ्या हेडला तीच खराब जागा हजार वेळा वाचायला लावणं हा डिस्क मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने जमेल तेवढी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, मग शोधाशोध त्या नकलेवर. फ्रीजरमध्ये डिस्क ठेवण्याचा तोडगा अजून लोक सांगतात. आजच्या डिस्कवर त्याने फक्त दव धरतं.

बनावट मालाबद्दल फार लिहायची गरज पडू नये, तरी पडते. हजार-दोन हजारांत ‘१६ टीबी एसएसडी’ मिळत असेल तर आत मेमरी कार्ड आहे. खोटी क्षमता सांगणारी चिप जुन्याच्या डोक्यावर नवं लिहीत राहते आणि फाइलींची नावं मात्र सगळी दिसतात. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही फुकट साधनं पूर्ण डिस्क भरून परत वाचतात, त्यात खोटं उघडं पडतं. अस्सल कंपनीच्या डिस्कही जुन्या निघू शकतात: २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. तासांचा स्मार्ट आकडा कुणीतरी शून्यावर आणला होता, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत खरे तास शिल्लक होते. नवी डिस्क आणली की क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तास पाहावेत, एकदा पूर्ण भरून वाचावी, आणि पुढे ‘रीअॅलोकेटेड’ व ‘करंट पेंडिंग’ या दोन आकड्यांवर डोळा ठेवावा. काही ब्रिज चिपा हे आकडे पलीकडे पोचूच देत नाहीत. तशी डबी घेतली असेल तर तिच्यावर एकुलती प्रत ठेवू नये.

तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी: हा नियम रूढ केला तो पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने, आणि तो एका फोटोग्राफरकडून यावा यात नवल नाही. मला विचारलं तर दोन स्वस्त डिस्क एका महागड्या ‘रगेड’ डिस्कपेक्षा कधीही बऱ्या. दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नयेत, म्हणजे एकाच खेपेचा दोष दोघींत येणार नाही. एक घरी, एक भावाकडे किंवा ऑफिसच्या कपाटात, आणि सहा महिन्यांनी अदलाबदल. रोजचं महत्त्वाचं थोडं, ते क्लाउडवर. एवढ्यात बहुतेक घरांचं भागतं.

आणि वॉरंटी? खोक्यावर दोन-तीन वर्षांची असते, पण कागद वाचला तर ती लोखंडाची आहे, आतल्या डेटाची नाही. डिस्क बंद पडली की कंपनी बदली देते, बहुधा दुरुस्त करून पुन्हा तपासलेली दुसरी जुनी डिस्क. त्यासाठी आधी आपली डिस्क, तिच्यातल्या सगळ्या फोटोंसकट, कुरिअरने पाठवून द्यावी लागते. डेटा काढण्यासाठी ती बाहेर कुठेही उघडली तर वॉरंटी गेली. कंपनीने नेमलेल्या रिकव्हरीवाल्याकडे न्यावी तर बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट. ज्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्या एकाच डिस्कवर आहेत तो ही बदली घेत नाही. त्याची बंद डिस्क कपाटातच राहते, आणि कंपनीच्या दफ्तरी ती बिघडल्याची नोंदसुद्धा होत नाही.